पास आणि पॅसेंजर: इंग्रजी स्वरांची वाटणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची धाकटी बहीण कोल्हापुरात नर्सिंगचे शिक्षण घेऊन गेल्या वर्षी इंग्लंडमधील लीड्स येथील एका रुग्णालयात रुजू झाली. इथल्या शिकवणीत तिच्याकडून 'बाथ', 'लास्ट', 'ग्लास' असे आकारयुक्त उच्चार 'शुद्ध ब्रिटिश' म्हणून घोटून घेतले होते. तिथे मात्र रुग्ण 'लास्ट'चा आकार आखडता घेतात आणि 'बस'ला चक्क 'बुस' म्हणतात. तुम्ही स्वतः आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहात, मोबाइलवर अमेरिकी शिक्षकांचे धडे ऐकता, आणि ते 'डॉक्टर' न म्हणता 'डाक्टर' म्हणतात. यांपैकी बरोबर कोण, आणि तुम्ही दोघा भावंडांनी कोणाचे ऐकायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी कोल्हापुरात तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना इंग्रजीचे उच्चार शिकवीत आलो आहे, आणि त्यातली पहिली काही वर्षे 'शुद्ध ब्रिटिश' हा शब्दप्रयोग मीही फार सैलपणे करीत असे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

'बरोबर कोण' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. डब्यात सात वाट्या असतात, आणि कोणत्या वाटीत काय ठेवायचे हे ज्या त्या घरी ठरलेले असते. इंग्रजीची प्रत्येक बोली हा असा एक डबा आहे असे समजा. स्वर म्हणजे वाट्या आणि शब्द म्हणजे त्यांतले जिन्नस. दोन बोलींच्या डब्यांत तीन प्रकारचे फरक असू शकतात. कधी वाटी तीच असते, तिच्यातले शब्दही तेच असतात, फक्त त्या स्वराचा रंग थोडा वेगळा असतो. कधी वाट्या तेवढ्याच असतात, पण काही शब्द एका घरी या वाटीत तर दुसऱ्या घरी त्या वाटीत असतात. आणि कधी एका घरी जिथे दोन वाट्या आहेत तिथे दुसऱ्या घरी एकच असते. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो तो मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या फरकाने. शिकवणीवर्गांचा भर मात्र बहुधा पहिल्यावर असतो.

उच्चारशास्त्राचे ब्रिटिश अभ्यासक जॉन वेल्स यांनी 1982 मध्ये या वाटणीसाठी एक सोपी युक्ती रूढ केली. एकत्र वागणाऱ्या शब्दांचे त्यांनी 24 गट पाडले आणि प्रत्येक गटाला त्यातल्याच एका शब्दाचे नाव दिले: 'बाथ' गट, 'ट्रॅप' गट, 'फूट' गट, 'फोर्स' गट, याप्रमाणे. मग एखाद्या बोलीचे वर्णन करताना कोणते गट एका वाटीत आहेत आणि कोणते वेगळे, एवढेच सांगितले की पुष्कळसे काम होते. खाली मी हीच पद्धत वापरणार आहे, फक्त उदाहरणे आपल्या रोजच्या मराठीतली घेणार आहे. मराठीने गेल्या दोन शतकांत इंग्रजीतून घेतलेले शब्द हा स्वरांच्या वाटणीचा एक उत्तम दस्तऐवज आहे आणि आपण तो फारसा वाचत नाही.

तुमच्या बहिणीच्या 'लास्ट'पासून सुरुवात करू. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इंग्लंडमध्ये फ, थ, स यांच्यापूर्वीचा आणि 'डान्स'सारख्या शब्दांत न अधिक व्यंजन यांपूर्वीचा आखूड स्वर हळूहळू लांबला आणि पुढे तो जिभेच्या मागच्या बाजूला सरकून आपल्या 'आ'सारखा झाला. हा बदल नियमाने सरसकट झाला नाही. तो शब्दाशब्दाने पसरत गेला आणि मध्येच थांबला. त्यामुळे दक्षिणेत 'ग्लास' झाला पण 'गॅस' राहिला, आणि 'प्लास्टर' झाले पण 'प्लॅस्टिक' आज बहुतेकांच्या तोंडी आखूडच आहे. मराठीने हे शब्द घेताना ही वाटणी बरीचशी तशीच उचलली. कोल्हापूर–मिरज प्रवास करणारा माणूस 'पॅसेंजरचा पास' असे म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांत, स्वतःला कल्पना नसताना, लंडनच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला बदल कुठवर आला आणि कुठे थबकला हे तो बिनचूक सांगत असतो. लीड्स ज्यात येते त्या उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल झाला नाही, आणि अमेरिकेतही एकंदरीत झाला नाही. तिथे 'पास' आणि 'पॅसेंजर' एकाच वाटीत आहेत.

आपण मात्र पुढे जाऊन 'क्लास'च्या जोडीने 'क्लासिकल'लाही आकार दिला. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात तिथे आखूड स्वर आहे. म्हणजे 'शुद्ध ब्रिटिश' म्हणून आपण जे जपतो त्यात आपली भर आहेच.

इथे एक बारकावा तुमच्या बहिणीला उपयोगी पडेल. लीड्सचा आखूड स्वर आपल्या 'बॅट'मधल्या 'ॲ'सारखा नसतो. तो 'ॲ' आणि 'आ' यांच्या मधला, 'आ'च्या जवळचा, पण झटकन संपणारा असतो. अमेरिकेत त्याच गटातला स्वर 'ॲ'कडे झुकतो आणि लांबतो. तेव्हा अमेरिकी धड्यांवरून लीड्सची तयारी करणाऱ्याला गट अचूक कळतात, आवाज मात्र चुकीचा ऐकू येतो. शिवाय हा आखूड स्वर अशिक्षितपणाची खूण नाही; लीड्समध्ये वाढलेला सर्जनही 'बाथ' आखूडच म्हणतो आणि लंडनला जाऊनही बहुधा तो बदलत नाही. आपल्याकडे कोल्हापूरचा माणूस पुण्यात वीस वर्षे राहूनही 'लई'चे 'खूप' करीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता 'बुस'. येथे फरक तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे वाट्यांच्या संख्येचा आहे. सतराव्या शतकाच्या सुमारापर्यंत 'कप' आणि 'पुट' या दोन्ही शब्दांत एकच आखूड उकारासारखा स्वर होता. स्पेलिंगमध्ये दोहोंत आजही 'यू' आहे तो त्याच काळाचा अवशेष. पुढे दक्षिणेत यांतल्या बऱ्याच शब्दांतली ओठांची गोलाई गेली आणि स्वर आपल्या 'अ'च्या जवळ आला. प, ब, फ, व यांसारख्या ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनींनंतर मात्र पुष्कळदा गोलाई टिकली, म्हणून 'पुट', 'बुल', 'फुल', 'वुल्फ' मागे राहिले. एका वाटीच्या दोन झाल्या. उत्तर इंग्लंडमध्ये ही फूट पडलीच नाही. तुमच्या बहिणीचा रुग्ण 'बुस' म्हणतो तेव्हा तो काही बिघडवत नसून जुनी व्यवस्था चालवत असतो. बदलले ते लंडन. उत्तरेत 'ब्लड' आणि 'गुड' यांचे यमक जुळते, राजधानीचे नाव 'लुंडन' होते, आणि हातपाय बधिर झाल्याची तक्रार 'नम' या शब्दाऐवजी 'नुम' अशी कानी पडते. लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशायरमध्ये अनोळखी माणसालाही मायेने 'लव्ह' म्हणून हाक मारण्याची रीत आहे, तीही 'लुव्ह' अशी ऐकू येईल; तिने दचकू नये.

मराठीने हे शब्द दक्षिणेच्या वाटणीप्रमाणे घेतले: कप, बस, लंडन, कंपनी. यांतल्या 'लंडन' आणि 'कंपनी'ची स्पेलिंगे 'ओ'ने होतात, तरी आपण 'लोंडन' किंवा 'कोंपनी' केले नाही. याचा अर्थ हे शब्द कानाने आले. याउलट 'ओव्हन' हा डोळ्यांनी आला, कारण इंग्रजीत त्याचा पहिला स्वर 'कप'मधलाच आहे. 'हॉटेल'ही तसाच, इंग्रजीत त्याचा पहिला स्वर 'बोट'मधला आहे, तिथे आपण 'ऑ' कुठून आणला तो आणला. उसना शब्द कानाने आला की डोळ्यांनी हे ओळखण्याचा छंद लावून घ्या, स्वर आपोआप समजू लागतील.

हीच गोष्ट उलट दिशेनेही दिसते. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत आपल्या गावाच्या नावाचा शेवट 'पी, दोन ओ, आर' असा लिहिलेला आढळतो आणि पंजाबच्या पहिल्या अक्षरात आजही 'यू' आहे. 'अ'साठी 'यू' आणि 'ऊ'साठी दोन 'ओ', ही लिहिण्याची रीत दक्षिण इंग्लंडच्या कानाने ठरवली आहे, कारण तिथे 'कप'चा स्वर आपल्या 'अ'जवळ आहे. लिहिणारे सगळेच यॉर्कशायरचे असते, तर पंजाबच्या नावात 'यू' येण्याचे काही कारण नव्हते.

तुमच्या अमेरिकी 'डाक्टर'कडे वळण्यापूर्वी माझी एक फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आजरा तालुक्यातून आलेला एक हुशार विद्यार्थी वर्गात 'डाक्टर' आणि 'कालेज' असे म्हणत असे. मी त्याला सर्वांदेखत दोन-तीनदा सुधारले, आणि आज सांगायला संकोच वाटतो, पण थोडी टिंगलही केली. त्याच वर्षी एक अमेरिकी पाहुणे व्याख्यानाला आले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत 'कालेज' म्हटले आणि मागून दुसऱ्या बाकावर बसलेल्या त्या मुलाने माझ्याकडे असे पाहिले की व्याख्यानातले पुढचे मला काही आठवत नाही.

त्या मुलाचा आकार आणि पाहुण्यांचा आकार यांची कारणे वेगळी होती, हे खरे. मराठीत मुळात 'ऑ' नव्हता; तो इंग्रजीसाठी आपण अर्धचंद्र चढवून तयार केला, आणि तो रुळेपर्यंत ऐकलेला स्वर जवळच्या 'आ'च्या वाटीत जात असे. 'लॉर्ड'चा 'लाट' त्यामुळेच झाला, आणि खेड्यात 'हापिस' अजून ऐकू येते. अमेरिकेत मात्र इंग्रजीच्या आतच बदल झाला: 'डॉक्टर', 'कॉलेज', 'हॉट' यांमधल्या आखूड स्वराची गोलाई गेली आणि तो 'फादर'मधल्या 'आ'ला जाऊन मिळाला. दोन वाट्यांची एक झाली.

पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडात आणखी एक वाटी कमी झाली. दक्षिण इंग्लंडमध्ये झोपण्याची 'कॉट' आणि 'पकडले' या अर्थाचे 'कॉट' यांत स्पष्ट फरक आहे. पहिला स्वर आखूड, दुसरा लांब आणि ओठ अधिक गोल. कॅनडात दोन्ही शब्द एकसारखे उच्चारले जातात. स्कॉटलंडमध्येही बहुतांश एकसारखे, पण तिथली एकत्र झालेली वाटी 'आ'कडे न झुकता आपल्या 'ऑ'कडे झुकते. आता आपली मराठी बघा: 'कॉलेज', 'बॉल', 'डॉक्टर', 'हॉल' या सगळ्यांना एकच 'ऑ'. या वाटीपुरते तरी आपण लंडनचे नसून एडिंबराचे शेजारी आहोत.

हे शेजारपण येथेच संपत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी कोल्हापुरात घरोघर फूट-इंचांत बोलली जाते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे लहान मुलांनाही पाठ असतात. या वाक्यांत 'फूट' दीर्घ आहे आणि 'फुटांना' ऱ्हस्व आहे, पण तसे म्हणताना आपल्याला शब्द बदलल्याचे जाणवत नाही. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांत अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपात तेच ऱ्हस्व, असे जे सांगितले आहे (वकील–वकिलाला, फूल–फुलाला), त्याच्या मुळाशी आपल्या बोलण्याची हीच सवय आहे. मराठीत इ-उ यांची लांबी जागेवर ठरते, अर्थावर क्वचितच. इंग्रजीत 'फुट' आणि 'फूड' या दोन वेगळ्या वाट्या आहेत. आपण दोन्ही शब्द एकाच वाटीत टाकले. स्कॉटलंडनेही नेमके तेच केले आहे: तिथे 'पुल' म्हणजे ओढणे आणि 'पूल' म्हणजे तलाव हे शब्द एकसारखे आहेत. तिथेही स्वर किती लांबवायचा हे पुष्कळदा त्याच्यापुढे काय येते यावर ठरते; र, व्ह, झ यांच्यापूर्वी आणि शब्दाच्या अंती तो लांबतो, इतरत्र आखूड राहतो. तिथला 'उ' आपल्यापेक्षा जिभेच्या बराच पुढून निघतो, तेव्हा आवाज सारखा आहे असे मी म्हणत नाही. वाटणी सारखी आहे.

'शिप' आणि 'शीप' ही जोडी मात्र स्कॉटलंडनेही मोडलेली नाही, आणि तुम्हीही मोडू नका. आपल्या शाळांत हा फरक ऱ्हस्व-दीर्घ म्हणून शिकवला जातो आणि तिथेच गाडे अडते. 'प'सारख्या कठोर व्यंजनापूर्वी इंग्रजीत दीर्घ स्वरही बराच आखडतो, त्यामुळे 'मेंढी'चा स्वर कानाला फारसा लांब लागत नाही. खरा फरक जिभेच्या उंचीत आहे: 'मेंढी'साठी जीभ वर आणि ताठ, ओठ ताणलेले, 'जहाजा'साठी जीभ थोडी खाली आणि सैल, 'इ'कडून किंचित 'ए'च्या दिशेने. माझ्या वर्गात मी मुलांना घड्याळाकडे नव्हे तर आरशाकडे बघायला सांगतो.

आता मला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पुढील मराठी शब्द मोठ्याने म्हणा: फॉर्म, शॉर्ट, ऑर्डर, कॉर्नर, नॉर्मल. आणि आता हे: कोर्ट, बोर्ड, रिपोर्ट, पासपोर्ट, स्पोर्ट्स, फोर्स. पहिल्या रांगेत 'ऑ', दुसऱ्या रांगेत 'ओ'. कुणी म्हणेल की हा स्पेलिंगचा परिणाम आहे, पण 'शॉर्ट' आणि 'रिपोर्ट' यांच्या शेवटच्या तीन अक्षरांत काहीही फरक नाही, तरी आपण कधी 'शोर्ट' म्हणत नाही आणि 'रिपॉर्ट'ही म्हणत नाही. आजच्या लंडनमध्ये या दोन रांगा पूर्णपणे एक झालेल्या आहेत. तिथल्या तरुणाला यांत कधी फरक होता हे सांगूनही पटत नाही. पण तो होता. वेल्स यांच्या यादीत 'नॉर्थ' आणि 'फोर्स' हे दोन वेगळे गट आहेत ते त्यासाठीच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लंडमधील उच्चारकोशही दुसऱ्या रांगेतल्या शब्दांना वेगळा पर्यायी उच्चार नोंदवीत असत. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये अनेकांच्या तोंडी हा भेद आजही जिवंत आहे, आणि तो मराठीतही आहे. सातवी शिकलेला माणूससुद्धा 'कोर्टात फॉर्म भरला' असे सहज म्हणतो आणि लंडनने हरवलेला भेद सांभाळतो. ज्यांना हे उच्चार 'देशी' म्हणून टाकून द्यावेसे वाटतात, त्यांना मी ही दोन रांगांची यादी लिहून देतो.

'र'बद्दल थोडक्यात. दक्षिण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये स्वरानंतरचा 'र' पुढे स्वर नसेल तर उच्चारला जात नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागांत, कॅनडात, स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये तो उच्चारला जातो. लीड्स या बाबतीत दक्षिणेच्या बाजूचे आहे. 'र' गेला की तो आपल्या आधीच्या स्वरावर खूण ठेवून जातो: 'बिअर', 'चेअर' यांमधला जो शेवटचा 'अ' आपण लिहितो तो त्या खुणेचाच भाग आहे. आणि जिथे कधीच 'र' नव्हता तिथेही मग तो घुसतो. 'लॉ अँड ऑर्डर' हे इंग्लंडमध्ये पुष्कळदा 'लॉरँड ऑर्डर' असे ऐकू येते. तुम्ही तुमचा 'र' काढून टाकण्याची काही गरज नाही. अर्धवट काढलेल्या 'र'ने बोलणे अधिक दुर्बोध होते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे आवाज तुम्हाला परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात भेटू शकतात, म्हणून एवढे ध्यानात ठेवा की न्यूझीलंडमध्ये आखूड स्वरांची एक साखळीच सरकली आहे: 'बॅट' आपल्याला 'बेट'सारखी, 'पेन' 'पिन'सारखे आणि 'फिश' 'फश'सारखी ऐकू येते. एकाने जागा सोडली की दुसरा सरकतो. एसटीत बाकावरची माणसे खिडकीकडे सरकत जावीत तसे. ऑस्ट्रेलियात 'फिश' उलट 'फीश'कडे झुकते, आणि 'डे' हा शब्द आपल्याला 'डाय'जवळ ऐकू येतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडे 'पिन' आणि 'पेन' एक झाले आहेत. एवढे पुरे, सगळ्या बोली पाठ करण्यात अर्थ नाही, कारण एकदा वाट्या ओळखल्या की पाच-सात वाक्यांत कान बोलणाऱ्याच्या डब्याशी जुळवून घेतो.

मग आपल्या डब्यात काय कमी आहे? मिश्रस्वर सोडले तर मराठीत अ, आ, इ, उ, ए, ओ, ॲ, ऑ एवढ्याच मुख्य वाट्या आहेत, आणि दक्षिण इंग्लंडच्या पारंपरिक मोजणीत 12 साधे व 8 मिश्र असे 20 स्वर येतात. तेव्हा एका वाटीत दोन-दोन जिन्नस पडणार हे उघड आहे. त्यांतली काही मिश्रणे, जसे 'फूट–फूड' किंवा दोन 'कॉट', इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लाखो लोकही करतात, म्हणून ती समजून घेतली जातात. 'रोड', 'बोट', 'केक', 'गेट' यांत आपण सरळ 'ओ' आणि 'ए' म्हणतो, लंडनसारखा वळणारा स्वर काढत नाही. लीड्स, एडिंबरा येथेही अनेक जण सरळच म्हणतात. त्यावर वेळ घालवू नका.

पण एक मिश्रण असे आहे की ज्याला कोणत्याही मोठ्या बोलीचा आधार नाही, आणि ते आपल्या जिभेवर सर्वांत पक्के बसलेले आहे. आपण रक्ताची 'टेस्ट' करतो आणि मिसळीची 'टेस्ट'ही घेतो. इंग्रजीत हे दोन शब्द आहेत, दोन वाट्यांतले. मराठीत 'ए' एकच असल्याने 'गेट' म्हणजे फाटक आणि 'गेट' म्हणजे मिळवणे, लिहिण्याचे 'पेन' आणि वेदना या अर्थाचे 'पेन' हे सारे एक होतात. रुग्णालयात काम करणाऱ्या व्यक्तीला हे परवडणारे नाही. उपाय असा: वेदनेचा 'ए' आपला आहे तसाच राहू द्यावा, थोडा लांबवावा. लिहिण्याच्या 'पेन'चा स्वर मात्र जबडा किंचित अधिक उघडून, 'पॅन'च्या दिशेने निघून अर्ध्या वाटेवर थांबून, झटकन संपवावा. 'पेन' (वेदना), 'पेन' (लेखणी), 'पॅन' (तवा) असे तीन शब्द ओळीने म्हणून जबडा पायरीपायरीने खाली येतो का हे आरशात पाहावे. 'शिप–शीप' आणि ही जोडी, या दोन दुरुस्त्यांना मी पहिले स्थान देईन. तिसरे स्थान आघाताला: 'बनाना'मधल्या तीन अक्षरांपैकी मधलेच जोरात आणि कडेची दोन्ही पुसट. तिथला पुसट स्वर आपल्याकडे 'अ'च्या रूपाने आयता आहे, फक्त स्पेलिंगकडे बघून आपण तो वापरायचा विसरतो.

आयईएलटीएसच्या बोलण्याच्या चाचणीत चार निकष समान वजनाचे असतात आणि उच्चार हा त्यांपैकी एक आहे. तिथे तुमचे बोलणे किती सहज समजते हे पाहिले जाते, तुम्ही कोणत्या शहराची नक्कल करता हे नव्हे. तेव्हा तुम्ही 'क्लास' म्हणा किंवा 'क्लॅस' म्हणा, परीक्षकाला त्याचे सोयरसुतक नाही. मात्र एकाच उत्तरात 'क्लास' आणि पुढच्याच वाक्यात 'लॅस्ट' असे करू नका, कारण ऐकणाऱ्याने तुमचा डबा ओळखायला घेतला असतानाच तुम्ही वाट्यांची जागा बदलता. कोल्हापुरात शिकलेला 'बाथ' गटाचा आकार तुमच्या जिभेवर बसलेला आहे, तोच ठेवावा.

तुमच्या बहिणीनेही तिथे 'बुस' म्हणायला लागण्याचे कारण नाही. ती 'बस' म्हणाली तरी लीड्समध्ये कोणालाही अडचण येणार नाही, कारण दक्षिणेचा उच्चार तिथे रोज दूरचित्रवाणीवर ऐकू येतो. तिचा सरळ 'ए' आणि सरळ 'ओ' तर तिथे घरचाच वाटेल. तिने एक लहान वही करावी आणि ऐकू आलेला प्रत्येक अडलेला शब्द गटाच्या नावाखाली लिहावा, 'कप'च्या पानावर ब्लड, लंग, टमी, स्टमक आणि 'बाथ'च्या पानावर प्लास्टर, आस्क, ग्लास. पंधरा दिवसांत पानावरचा पुढचा शब्द ऐकण्याआधीच तिला तो कसा येणार हे कळू लागेल. 'टंग' म्हणजे जीभ हा शब्द मात्र तिने वेगळ्या पानावर ठेवावा, कारण उत्तरेत तो काहींच्या तोंडी 'ऑ'ने येतो आणि पहिल्या वेळी कोणालाही समजत नाही.